बिघडलेल्या एमपीथ्रीचा आवाज सुधारायचा कसा: काय परत येतं, काय येत नाही

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक शहाणपणा केला होता. संगणकावरची साताठशे गाणी १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट माहिती, यालाच बिटरेट म्हणतात) होती आणि ३२० म्हणजे उत्तम, असं कुठेतरी वाचनात आलं होतं. मग काय, एक कन्व्हर्टर उतरवला, अख्खं फोल्डर त्यात ओतलं, ३२० निवडलं आणि संगणक चालू ठेवून झोपलो. सकाळी प्रत्येक फाइल अडीचपट फुगलेली. जागा पुरेना म्हणून जुन्या फाइली पुसूनही टाकल्या. महिन्याभराने त्यातलंच एक गाणं मित्राकडे, त्याच्या मूळ १२८च्या फाइलीतून ऐकलं. ते माझ्या ३२०पेक्षा स्वच्छ वाजत होतं.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! म्हण लहानपणापासून पाठ होती, पण ती फाइलींनाही लागू पडते हे कळायला साताठशे गाणी खर्ची पडली. तेव्हापासून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. आवाज वाढवण्याआधी, नेमकं काय बिघडलंय ते शोधतो. कारण 'एमपीथ्री वाईट वाजते' या तक्रारीमागे बरेचदा एमपीथ्री नसतेच.

कात्री कुठे लागते

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने (लाटेची मोजमापं), प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनल, या हिशेबाने संगीत साठवलेलं असतं. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. चार मिनिटांचं गाणं म्हणजे साधारण ४२ एमबी. तेच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत चार एमबीच्या आत मावतं. अकरा भागांचा एक भाग झाला. यातली काही बचत हुशार बांधाबांधीची असते, बाकीची निव्वळ काटछाट.

ही काटछाट आंधळी नसते. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या तत्त्वावर हे तंत्र उभं केलं, ते असं: मोठ्या आवाजाच्या आड, त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मग तो जसाच्या तसा साठवायचा कशाला? एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम, गाण्याच्या फ्रेम, म्हणजे बारीक तुकडे, पाडतो. एका फ्रेममध्ये १,१५२ नमुने, म्हणजे जेमतेम २६ मिलिसेकंद. प्रत्येक ठिकाणी कान कुठे फसेल याचा अंदाज बांधतो आणि तिथली माहिती ढोबळ करून टाकतो.

बिट पुरेसे असतील तर ही हातचलाखी पकडली जात नाही. कमी पडले की तीन खुणा दिसतात. झांजा, टाळ, प्रेक्षकांच्या टाळ्या पाण्यात घोळवल्यासारख्या 'श्वी-श्वी' करत वाजतात. तबल्याची थाप पडण्याच्या किंचित आधीच एक पुसट फुसकारा येतो, कारण ढोबळपणातून आलेला गोंगाट त्या तुकड्यात थापेच्या अलीकडेही पसरतो. आणि तंबोऱ्याचा सलग झंकार मध्येच पातळ, मध्येच जाड होतो.

या तीन खुणांवर औषध नाही. फाटलेला आवाज, बोदेपणा, एक गाणं मोठं तर दुसरं बारीक, कानाला टोचणारे 'स' आणि 'श', हेडफोनवर मोबाइलच्या स्पीकरसारखा आवाज, यांच्यावर मात्र बऱ्यापैकी इलाज आहे. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. क्रम चुकला की एक दुरुस्ती दुसरीला खाते.

पायरी १: मूळ फाइल बाजूला ठेवा

सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि काम दुसऱ्या प्रतीवर करा. एवढंच. का, ते वर सांगून झालंय.

पायरी २: तपासणी, डोळ्यांनी आणि कानांनी

'स्पेक' नावाचा एक छोटा मोफत प्रोग्राम आहे. फाइल त्यात ओढून टाकली की गाण्याचा नकाशा दिसतो: आडवा वेळ, उभी कंपनसंख्या आणि रंगांत आवाजाची तीव्रता. 'ऑडॅसिटी' या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्येही ट्रॅक स्पेक्ट्रोग्रामच्या रूपात पाहता येतो. या नकाशात आधी वरची कड बघा. १२८ केबीपीएसची एमपीथ्री बहुधा १६ ते १७ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सपाट थांबते. १९२ची साधारण १९च्या आसपास, ३२०ची २०च्या आसपास.

आता गंमत बघा. फाइलीचं नाव सांगतंय ३२०, गुणधर्मांत लिहिलंय ३२०, आणि नकाशा १६ किलोहर्ट्झवर सपाट कापलेला. ही माझ्यासारख्याच कुणा शहाण्याची करामत. फ्लॅक या काटछाट न करणाऱ्या फॉरमॅटच्या फाइलींतही हा प्रकार सर्रास सापडतो. एमपीथ्रीची फ्लॅक करून 'लॉसलेस' म्हणून पुढे ढकललेली असते. फाइल ३० एमबीची, आतला माल चार एमबीचा.

पण कड दिसली म्हणून लगेच निकाल देऊ नका. जुन्या कॅसेटवर, त्याहून जुन्या तबकड्यांवर वरच्या पट्टीत मुळातच फारसं काही नसतं, आणि तिथे नकाशा हळूहळू विरत जातो. सपाट कड आणि विरत जाणारी कड यांतला फरक दोन-चार फाइली पाहिल्या की डोळ्यांना कळतो. १५ किलोहर्ट्झच्या आसपास कड असेल तर ध्वनिमुद्रण एफएम रेडिओवरून घेतलेलं असू शकतं, कारण एफएमचं प्रसारणच तिथवर असतं. आणि १५.६ किलोहर्ट्झवर अथपासून इतिपर्यंत एक बारीक सरळ रेघ दिसली, तर समजा की ध्वनिमुद्रणाच्या वेळी जवळ जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालू होता. ही रेघ मला अजूनही फार आवडते. गाण्यापलीकडची एक खोली दिसते त्यात.

शिवाय कडेचा बाऊ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १६ किलोहर्ट्झच्या वरचं प्रौढांपैकी बऱ्याच जणांना ऐकूच येत नाही, वय वाढतं तसं आणखी कमी. गाणं वाईट वाजतं ते कडेखालच्या भोकांमुळे. नकाशा मोठा करून १० ते १६ किलोहर्ट्झचा पट्टा पाहा. तिथे काळे चौकोनी ठिगळ असतील, रंग लुकलुकत असेल, तर तीच ती 'श्वी-श्वी'.

मग कानांची पाळी. चांगले तारवाले हेडफोन लावा आणि गाण्यातल्या तीनच जागा ऐका: सर्वांत मोठा आवाज असलेली, सर्वांत शांत असलेली, आणि जिथे झांजा किंवा टाळ्या आहेत ती. मोठ्या जागी चरचर आली तर क्लिपिंग, म्हणजे लाटेची टोकं कापली जाणं. शांत जागी सलग खरखर किंवा गुणगुण आली तर मूळ ध्वनिमुद्रणातला दोष. फक्त झांजांत गडबड असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे वर सांगितलेली काटछाट. प्रत्येक फाइलीपुढे एका शब्दात लिहून ठेवा: 'फाटलेली', 'बोदी', 'खरखर', 'भोकं', 'नकली', 'ठीक'. एका बैठकीत वीस-पंचवीसपेक्षा जास्त ऐकू नका, कान थकतात आणि नंतर सगळंच ठीक वाटायला लागतं.

कालावधी चुकीचा दिसणं, मध्येच टिकटिक होणं, गाणं पुढे ढकलल्यावर भलतीकडेच जाणं, या तक्रारी आवाजाच्या नसून फाइलीच्या बांधणीच्या असतात. 'एमपीथ्रीव्हॅल'सारखा प्रोग्राम किंवा 'फूबार२०००' या प्लेअरमधली एमपीथ्रीची दुरुस्ती चालवली की आवाजाला धक्का न लागता बहुतेक वेळा सुटतात.

पायरी ३: 'नकली' आणि 'भोकं' या शेऱ्याच्या फाइली बदला

यांच्यावर मेहनत करू नका, बदलून टाका. दोन तास इक्वलायझरशी झटण्यापेक्षा मूळ सीडी शोधायला दिलेली वीस मिनिटं जास्त फळतात. सीडी हाती लागली तर ती 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारख्या प्रोग्रामने उतरवा. शंका आली की तो सीडीवरची तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो, आणि 'अ‍ॅक्युरेटरिप'च्या सामायिक नोंदींशी निकाल ताडून पाहतो. उतरवलेलं गाणं फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅक म्हणजे झिप फाइलीसारखं: आकार कमी होतो, पण उघडल्यावर बिट न बिट तोच. सीडीपेक्षा साधारण निम्मी-साठ टक्के जागा घेते.

सीडी नसेल तर विकतची अधिकृत डिजिटल प्रत बघा. एखादंच गाणं असेल तर २५६ केबीपीएसची एएसी (एमपीथ्रीनंतर आलेला फॉरमॅट) सुद्धा १२८च्या एमपीथ्रीपेक्षा कितीतरी बरी. मात्र 'रीमास्टर्ड' लिहिलेलं आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. कित्येक नव्या आवृत्त्यांत आवाज इतका दाबून मोठा केलेला असतो की जुनी १९२ची फाइल जास्त मोकळी वाटते.

पायरी ४: फाटलेला आवाज

इथे जरा थांबू, कारण सर्वांत स्वस्तातला आणि सर्वांत ठळक फायदा याच पायरीवर मिळतो.

डिजिटल आवाजाला वर एक छत असतं, शून्य डेसिबलचं. लाट छताला आपटली की तिचं टोक सपाट होतं आणि ते सपाट टोक चरचरीत ऐकू येतं. बऱ्याच सीडींवर लाट छताला टेकेपर्यंत मोठी केलेली असते. तिची एमपीथ्री करताना एन्कोडर लाटेचा आकार किंचित बदलतो, आणि काही टोकं छताच्या वर जातात. प्लेअरने ती १६ बिटमध्ये उलगडली की कापली जातात.

महत्त्वाची गोष्ट अशी की ही टोकं फाइलीत शाबूत असतात. एमपीथ्रीच्या आत १६ किंवा २४ बिट असं काही नसतंच, तिथे प्रत्येक पट्टीची तीव्रता आकड्यात लिहिलेली असते. कापाकापी होते ती वाजवताना. म्हणजे वाजवण्याआधी फाइलीची पातळी खाली आणली की टोकं छताखाली येतात आणि चरचर नाहीशी होते. एमपीथ्रीच्या बाबतीत 'गेलेलं परत आलं' असं म्हणता येईल अशी ही एकच जागा.

हे काम 'एमपीथ्रीगेन' करतो. प्रोग्राम जुना आहे, दिसायलाही जुनाट, पण युक्ती नामी आहे. एमपीथ्रीच्या प्रत्येक फ्रेममध्ये 'ग्लोबल गेन' नावाचा एक आकडा असतो. तो एकाने कमी केला की आवाज दीड डेसिबलने उतरतो. प्रोग्राम फक्त हा आकडा बदलतो. गाणं उलगडत नाही, पुन्हा एन्कोड करत नाही, त्यामुळे दर्जा तसूभरही ढळत नाही, आणि केलेला बदल उलटाही करता येतो.

करायचं असं:

१. गाण्यांचं फोल्डर आत ओढा आणि 'ट्रॅक अ‍ॅनालिसिस' दाबा. यात मूळ फाइलीचा आवाज बदलत नाही, फक्त मोजमाप होतं.

२. 'क्लिपिंग'च्या रकान्यात वाय हे अक्षर आलेल्या ओळी पाहा. त्या फाटणाऱ्या फाइली.

३. वर लक्ष्य म्हणून ८९ डेसिबल लिहिलेलं असतं, ते तसंच राहू द्या. नव्या पद्धतीने दाबलेली गाणी ९६ ते ९९ दाखवतात, म्हणजे सात-दहा डेसिबलने खाली येतील.

४. सुटी गाणी असतील तर 'ट्रॅक गेन', एकाच अल्बमची किंवा एकाच मैफलीची असतील तर 'अल्बम गेन'. मैफलीतल्या फाइलींना ट्रॅक गेन लावलं की विलंबित आलाप आणि द्रुत तराणा एकाच पातळीवर येऊन बसतात. मग मैफलीचा चढच राहत नाही.

पहिल्यांदा वाजवल्यावर निराशा होईल. सगळं बारीक वाटेल. आवाजाची कळ फिरवून पूर्वीच्या पातळीला आणा आणि मग ऐका. समजा एका गाण्यात ढोलकी आणि गायिकेचा वरचा सूर एकत्र येतात तिथे चरचर होती. ९५.५चं गाणं ८९वर आणायचं तर साडेसहा डेसिबल उतरवायला हवेत. दीड-दीडच्या चार पायऱ्या, म्हणजे सहा. एवढ्यात ढोलकीची थाप आणि सूर वेगवेगळे ऐकू यायला लागतात, चामड्याचा टणत्कार सुद्धा येतो.

चरचर तरीही तशीच राहिली, तर ती मूळ मुद्रणातच फाटलेली आहे. तिच्यासाठी पायरी ६.

फाइलीला हातच लावायचा नसेल तर 'रीप्लेगेन' वापरा. २००१ साली मांडल्या गेलेल्या या पद्धतीत मोजमाप फक्त टॅगमध्ये, म्हणजे फाइलीला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीत, लिहिलं जातं आणि प्लेअर वाजवताना पातळी जुळवतो. फूबार२०००मध्ये ही सोय अंगचीच आहे. फ्लॅक, ओपस अशा दुसऱ्या फॉरमॅटनाही चालते. अडचण एकच, तुमच्या गाडीतला किंवा खिशातला प्लेअर तो टॅग वाचत नसेल तर उपयोग शून्य. अशा वेळी एमपीथ्रीगेन बरा.

पायरी ५: इक्वलायझर, पण कमी करण्यासाठी

इक्वलायझर उघडला की हात आपोआप दोन्ही टोकांच्या कळा वर ढकलतात. इंग्रजी व्ही अक्षराचा आकार झाला की पहिली पाच मिनिटं गाणं झकास वाटतं. मग डोकं दुखतं. कॉम्प्रेस केलेल्या गाण्यात तर हे आणखी घातक. १६ किलोहर्ट्झची कळ वर केलीत तर तिथे काहीच नाही, नुसती हवा. ८ आणि १२ची केलीत तर झांजांमधली ती 'श्वी-श्वी' भिंग लावल्यासारखी मोठी होते.

म्हणून नियम असा: आधी काय जास्त आहे ते कमी करा.

आवाज बोदा असेल, घोंगड्याखालून आल्यासारखा, तर २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात २ ते ३ डेसिबल उतरवा. गायकाचे शब्द लगेच पुढे येतात, वर काहीही न वाढवता. 'स' आणि 'श' टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये अरुंद पट्ट्यात तेवढंच. कमी बिटरेटची सळसळ सहन होत नसेल तर १० किलोहर्ट्झच्या वरचा सगळा भाग हलकेच ३ डेसिबल खाली. गाणं थोडं मवाळ होईल, पण तासभर ऐकता येईल. भाषणं, मुलाखती, कीर्तनं यांसारख्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांत ८० हर्ट्झच्या खालचं सरळ कापून टाका. तिथे टेबलाचे धक्के आणि पंख्याची घरघर याखेरीज काही नसतं.

वाढवायचंच असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये एक-दोन डेसिबल, शब्दांच्या स्पष्टतेसाठी. आणि जितकं वाढवाल तितकाच प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण पातळीची कळ) खाली घ्या. ३ वाढवलेत तर प्रीअँप उणे ३. हे विसरलं की पायरी ४वर केलेली मेहनत पाण्यात, कारण लाट पुन्हा छताला आपटते.

विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ' सगळ्या आवाजाला एकाच ठिकाणाहून लागू होतो. अँड्रॉइडवर 'वेव्हलेट'मध्ये बऱ्याच हेडफोनांसाठी तयार दुरुस्त्या मिळतात. गाण्यापेक्षा हेडफोनचा दोष मोठा असतो, हे तिथे पहिल्यांदा ध्यानात येतं. हे सगळं प्लेअरमध्येच करा, फाइलीत कोरू नका. उद्या हेडफोन बदलले की कोरलेला इक्वलायझर गळ्यात पडतो.

पायरी ६: शस्त्रक्रिया

मूळ मुद्रणच सदोष असेल आणि दुसरी प्रत कुठेच मिळत नसेल, तरच इकडे या. घरच्या कुणाचं गाणं, एखादी खाजगी बैठक, आजीच्या ओव्या. बाजारात मिळणाऱ्या गाण्यांसाठी हा खटाटोप करू नये.

फाइल ऑडॅसिटीत उघडा. सपाट झालेल्या टोकांसाठी त्यात 'क्लिप फिक्स' आहे. तो आजूबाजूच्या लाटेवरून गेलेलं टोक पुन्हा काढतो. नवं टोक छताच्या वर जाणार, म्हणून पातळी आधीच उतरवण्याचा पर्याय त्यातच दिलेला असतो, तो चालू ठेवा. विजेची गुणगुण असेल तर 'नॉच फिल्टर'ने ५० हर्ट्झ काढा, आणि मग १००, १५०, २०० असे तिचे पाढेही. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे ६०, १२०, १८०.

खरखर काढताना मात्र बेताने. 'नॉइज रिडक्शन'ला आधी निव्वळ खरखरीचा एखादा सेकंद निवडून 'प्रोफाइल' द्यावं लागतं, मग तीच खरखर तो सगळीकडून वजा करतो. कॅसेटवरून थेट घेतलेल्या मुद्रणात हे सुरेख चालतं. एमपीथ्रीत तितकं चालत नाही, आणि याचं कारण फारसं कुणी सांगत नाही. खरखर एकसारखी असली तरच ती ओळखून वजा करता येते. एमपीथ्रीच्या एन्कोडरने ती आधीच कुरतडलेली असते: एका फ्रेममध्ये ठेवली, पुढच्या फ्रेममध्ये टाकली. अशा तुटक खरखरीतून वजाबाकी केली की मागे चिमण्यांच्या चिवचिवाटासारखा धातूचा आवाज उरतो. सहा डेसिबलच्या वर जाऊ नका. थोडी खरखर राहू द्या. कान दोन मिनिटांत तिला विसरतो, चिवचिवाटाला विसरत नाही.

काम झाल्यावर फाइल फ्लॅकमध्ये साठवा. पुन्हा एमपीथ्री केलीत तर दुसऱ्यांदा काटछाट, आणि दुसरा एन्कोडर पहिल्याच्या जखमांनाच संगीत समजून त्यांच्यावर बिट खर्च करतो.

आता यंत्रबुद्धीच्या साधनांबद्दल. सोनीच्या उपकरणांतलं 'डीएसईई एक्स्ट्रीम', 'आयझोटोप आरएक्स'मधलं 'स्पेक्ट्रल रिकव्हरी', ही साधनं कापलेल्या कडेच्या वरचा भाग नव्याने रंगवतात. कशावरून? खालचं पाहून अंदाजाने. असाच प्रकार 'एचई-एएसी' या फॉरमॅटमध्ये अधिकृतपणे चालतो, पण तिथे एन्कोडरकडे मूळ गाणं असतं आणि वर काय होतं याच्या खाणाखुणा तो फाइलीत लिहून ठेवतो. एमपीथ्रीत तशी चिठ्ठी नसते. बोलण्याच्या, फोनवरून घेतलेल्या मुद्रणांत ही साधनं खरोखर कामाची आहेत. गाण्यात मी वापरून पाहिली तेव्हा झांजा उजळल्या, पण प्रत्येक झांज एकाच कारखान्यात घडवल्यासारखी वाजायला लागली. तुम्हाला आवडली तर खुशाल वापरा, फक्त ती मूळ गाण्याची जागा घेणार नाही इतकं बघा.

पायरी ७: फाइल आणि कान यांच्या मधलं

ब्लूटूथ हेडफोनला गाणं पाठवताना फोन एमपीथ्री जशीच्या तशी पाठवत नाही. आधी उलगडतो, मग ब्लूटूथच्या कोडेकमध्ये, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, पुन्हा आवळतो. सर्वत्र चालणारा 'एसबीसी' चांगल्या स्थितीत ३२८ केबीपीएसपर्यंत जातो, 'एलडॅक' ९९० पर्यंत. म्हणजे आधीच जखमी फाइलीवर आणखी एक कात्री. स्वच्छ फाइलीला ते फारसं जाणवत नाही, १२८च्या फाइलीला जाणवतं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये कोणता कोडेक चालू आहे ते दिसतं.

आणि एक हमखास फसवणारी गोष्ट. संगणकावर ब्लूटूथ हेडफोनने गाणं ऐकताना एखाद्या ऑनलाइन बैठकीच्या अ‍ॅपने मायक्रोफोन उघडला, की हेडफोन संगीताच्या पद्धतीवरून फोनच्या पद्धतीवर येतो. एकच चॅनल, ८ किंवा १६ किलोहर्ट्झचे नमुने. गाणं अचानक डब्यातून यायला लागतं आणि माणूस फाइलीला शिव्या घालतो. मायक्रोफोन घेऊन बसलेलं अ‍ॅप बंद करा, आवाज जागेवर येतो.

बाकी किरकोळ: 'बेस बूस्ट', 'थ्रीडी सराउंड', 'साउंड एन्हान्सर' असं जे जे फोनने आणि प्लेअरने परस्पर लावलेलं असेल ते सगळं बंद. दोन ठिकाणी इक्वलायझर चालू नको. कानात घालायच्या इअरफोनची रबरी टोपणं बदलून मोठी घालून पाहा. कानात नीट बसली नाहीत तर बेस गळतो, आणि त्याचा दोष उगाच बिटरेटवर जातो.

पायरी ८: सुधारलं का, हे न पाहता ओळखा

माणसाचा कान लबाड आहे. दोन अगदी सारखे आवाज ऐकवले आणि एक अर्ध्या-एक डेसिबलने मोठा ठेवला, तर मोठाच 'जास्त मोकळा', 'जास्त खोल' वाटतो. पातळी बदलली की बेस आणि ट्रेबल ऐकू येण्याचं प्रमाणही बदलतं, हे फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं. म्हणून जुनी आणि नवी फाइल ताडताना आधी दोन्हींची पातळी सारखी करा.

मग फूबार२०००ला 'एबीएक्स कंपॅरेटर' जोडा. तो दोन्ही फाइली लपवून वाजवतो आणि हातातली क्ष फाइल कोणती ते विचारतो. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं तर फरक खरा. सहा वेळा आलं तर तुम्ही अंदाज मारताय. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा २५६ आणि फ्लॅक यांच्यात दहापैकी पाच आले होते, आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात मी एकाला या फरकावर अर्धा तास ऐकवलं होतं.

पायरी ९: पुढच्या फाइली नीट बनवा

फ्लॅक हा साठा, बाकी सगळं त्यातून काढायचं. एमपीथ्रीच हवी असेल तर 'लेम' एन्कोडर आणि बदलत्या बिटरेटची व्ही-शून्य पातळी. सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास पडते, आणि बिट जिथे लागतात तिथेच खर्च होतात. व्ही-दोन म्हणजे सुमारे १९०, तीही बहुतेकांना पुरते. 'जॉइंट स्टिरिओ' (दोन्ही चॅनलमधलं सारखं एकदाच साठवणं) बंद करू नका. तो आवाज अरुंद करतो ही जुनी कुजबुज आहे, लेममध्ये तो बिट वाचवून दर्जा वाढवतोच. प्लेअर चालवत असेल तर २०१२ साली प्रमाणित झालेला 'ओपस' घ्या. १२८मध्ये तो जे देतो ते एमपीथ्रीला त्याच आकारात जमत नाही.

कॅसेट किंवा तबकडीवरून घेताना २४ बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. वर जागा मोकळी राहिली तर बिघडत नाही, छताला आपटलं तर बिघडतं. कॅसेटचा आवाज बोदा असेल तर संगणकाकडे धावण्याआधी डेकचं हेड पुसून पाहा.

आणि केलेलं काम फाइलीच्या टॅगमध्ये, 'कॉमेंट'च्या रकान्यात लिहून ठेवा: कुठून घेतली, काय केलं, कधी. माझ्या त्या साताठशे फाइलींपैकी चारेकशे गेल्या काही वर्षांत सीडीवरून नव्याने उतरवून झाल्या. उरलेल्यांच्या टॅगमध्ये एकच ओळ आहे: '१२८ची ३२० केलेली, मूळ पुसली, मीच.'